चौदा कलिंबे, चौदा ‘सा’: पार्ल्यातल्या एका कार्यशाळेचं प्रकरण

कलिंबा म्हणजे अंगठ्यांनी वाजवायचं, धातूच्या पट्ट्यांचं छोटं वाद्य. विलेपार्ले पूर्वेतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या कलिंबा कार्यशाळेची ही नोंद. कार्यशाळा लहानच होती. शिकणारे चौदा, शिकवणारी एक. अनंत चतुर्दशी झाली की सुरुवात आणि कोजागिरीला गच्चीवर सादरीकरण, दर रविवारी सकाळी दोन तास. मी हार्मोनियम शिकवतो. इथे मदतनीस म्हणून होतो, म्हणजे सतरंज्या घालण्यापासून सूर लावण्यापर्यंत पडेल ते काम. दुसऱ्या रविवारी ही कार्यशाळा मोडायला आली होती. का मोडत होती याबद्दल हॉलमध्ये तीन-चार मतं होती आणि एकही बरोबर नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी माणसं. चौघीजणी हार्मोनियम किंवा गाणं शिकलेल्या होत्या. त्यांतल्या सर्वांत ज्येष्ठ काकू गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिलेल्या, कानाने अतिशय तिखट. बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते, त्यांना आपली आवडती जुनी गाणी वाजवायची होती, बाकी कशात रस नव्हता. सहावीतली एक मुलगी होती. गिरगावच्या ढोल-ताशा पथकात ताशा वाजवणारा एक पोरगा होता, विसर्जन आटोपून हाताला चिकटपट्ट्या लावूनच आलेला. उरलेल्यांनी आयुष्यात कुठलंही वाद्य हातात धरलं नव्हतं. शिकवणारी ताई मूळची गिटारवादक.

प्रत्येकाने कलिंबा आपापला ऑनलाइन मागवला होता, हजार-दीड हजारातला, सतरा पट्ट्यांचा. या एका गोष्टीत पुढच्या सगळ्या गोंधळाचं बीज होतं. सगळ्यांनी एकाच दुकानातून, एकाच बनावटीचा घ्यावा असं ताईने सुचवलं होतं. पण आपल्याकडे सूट जिथे मिळेल तिथून घेतात.

वाद्याची रचना समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लाकडी पेटीवर पोलादी पट्ट्या एका टोकाला आडव्या दांडीखाली घट्ट दाबलेल्या असतात आणि मोकळी टोकं वाजवणाऱ्याच्या अंगठ्यांकडे येतात. मधली पट्टी सगळ्यांत लांब, तो ‘सा’, आपल्या हार्मोनियमच्या भाषेत पांढरी एक. त्यानंतर मात्र स्वर एका ओळीत जात नाहीत. ‘रे’ डावीकडे, ‘ग’ उजवीकडे, ‘म’ पुन्हा डावीकडे, ‘प’ उजवीकडे, असे दोन्ही बाजूंना वाटत जातात. डाव्या हाताला मधून बाहेर रे, म, ध, सां आणि उजव्या हाताला ग, प, नि, रें. सरळ सारेगम वाजवायची तर अंगठे आलटून-पालटून पडायला हवेत.

या मांडणीत एक गंमत आहे. एकाच बाजूच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये नेहमी एका स्वराचं अंतर सुटलेलं असतं, त्यामुळे अंगठा घसरून शेजारची पट्टी सोबत लागली तरी कानाला गोडच लागतं. एकाच बाजूच्या सलग तीन पट्ट्यांवरून अंगठा ओढला की आपोआप कॉर्ड, म्हणजे एकत्र गोड लागणारा स्वरांचा जुडगा, होते. कलिंबा सोपा आहे असं जे म्हणतात ते यामुळेच. पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने यात खोट आहे. हार्मोनियमवर चूक झाली की ती लगेच टोचते, इथे चूकही छान वाजते आणि माणूस खूश होऊन तशीच वाजवत राहतो.

पहिला रविवार म्हणूनच झकास गेला. पट्ट्यांवर रंगीत स्टिकर, हातात आकड्यांचा कागद. १ म्हणजे सा, २ म्हणजे रे, वर टिंब म्हणजे वरचं सप्तक. भातखंडे पद्धतीत तार सप्तकाला वर टिंब देतात तसंच, त्यामुळे आमच्या चौघींना ते बघताच कळलं. तासाभरात प्रत्येकजण एक बालगीत वाजवत होता. व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ पडले. काकांच्या सुनेने अंगठ्याची खूण केली.

दुसऱ्या रविवारी ताईने तेच बालगीत सगळ्यांकडून एकत्र वाजवून घेतलं आणि जे ऐकू आलं ते कुणालाच आवडलं नाही. बेसूर म्हणावं तर प्रत्येकजण कागदावरचंच वाजवत होता. आवाज थरथरत होता, वरच्या पट्ट्यांवर तर कानात बारीक किरकिर व्हायची. ताईला वाटलं लय सांभाळली जात नाही, तिने वेग कमी केला. त्याने किरकिर अधिकच स्पष्ट झाली. काकूंना वाटलं मागच्या रांगेतले चुकीच्या पट्ट्या दाबताहेत, आणि त्यांनी ते मागे वळून सांगितलंही. मागच्या रांगेतल्या एका बाई पुढच्या रविवारपासून आल्याच नाहीत. काकांनी पंख्याला दोष दिला. पंखा बंद केला तर सप्टेंबरचा उकाडा, चालू ठेवला तर त्याची घरघर, आणि मधूनच डोक्यावरून जाणारं विमान. पार्ल्यात हे चालायचंच.

चहाच्या सुट्टीनंतर मी ताईला सुचवलं की गाणं बाजूला ठेवू आणि प्रत्येकाने एकेक करून फक्त मधली पट्टी वाजवायची. चौदा जणांनी चौदा ‘सा’ वाजवले. पाच-सहाव्या माणसापर्यंत हॉल शांत झाला. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

सूर मोजणाऱ्या ट्यूनर ॲपवर बघितलं तर काही वाद्यं वीस सेंटपर्यंत उतरलेली, काही तितकीच चढलेली होती. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले की एक सेंट. वीस सेंट म्हणजे फार वाटत नाही, पण मधला ‘सा’ सेकंदाला सुमारे २६१.६ कंपनांचा असतो. वीस सेंट चढला की तो २६४.६ होतो. हे दोन एकत्र वाजले की सेकंदाला तीन वेळा आवाज फुगतो आणि बसतो. ती थरथर. दोन सप्तकं वर गेलं की तेवढ्याच वीस सेंटांचा फरक बारा कंपनांचा होतो, म्हणजे थरथरीची किरकिर होते. वाजवणारे चुकत नव्हते. वाद्यं एकमेकांशी भांडत होती. ही अडचण एकट्याने शिकणाऱ्याला कधी येत नाही, कारण त्याचा कलिंबा थोडा उतरलेला असला तरी सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच उतरलेल्या असल्या तर घरी ते कळतच नाही. समूहात ते पहिल्या ‘सा’लाच उघडं पडतं.

सूर लावायला त्या दिवशीचा उरलेला सगळा वेळ गेला. सोबत येणाऱ्या छोट्या हातोडीने पट्टी मोकळ्या टोकाकडून आत ठोकली की कंप पावणारा भाग आखूड होतो आणि स्वर चढतो, मागच्या टोकाकडून ठोकली की उतरतो. ऐकायला सोपं. पण स्वर लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, आणि हे नवख्या हाताला महागात पडतं. पन्नास मिलिमीटरची पट्टी अर्धा मिलिमीटर सरकली तर स्वर साधारण पस्तीस सेंट हलेल. वीस मिलिमीटरची तेवढीच सरकली तर ऐंशीच्या वर, म्हणजे जवळपास अर्धा सूर. वरच्या टोकाच्या पट्ट्यांना ठोकायचंच नाही, नुसतं टेकवायचं, असं मी पुनःपुन्हा सांगत होतो. शिवाय चौदा फोन एका हॉलमध्ये ठेवले की प्रत्येक ॲप शेजाऱ्याचा स्वर ऐकतं. शेवटी एकेकाला जिन्यात पाठवलं. ॲपमध्ये संदर्भस्वर, म्हणजे ज्यावरून बाकी स्वर मोजतात तो ‘ध’, सगळ्यांचा ४४० कंपनांचा आहे ना हेही बघावं लागलं, एकाचा ४३२ निघाला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की त्याने मन शांत होतं. त्याचं झालं असेल, बाकीच्यांचं झालं नाही.

वाद्याचा स्वभावही इथे आड येतो. तंबोऱ्याच्या तारेतून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे नाद निघतात आणि ते मूळ स्वरात विरघळतात. एका टोकाला घट्ट धरलेल्या पट्टीत तसं होत नाही, तिचा पहिला वरचा नाद सिद्धांतानुसार मूळ कंपनांच्या ६.२७ पट असतो, कुठल्याच सुराशी न जमणारा. तो क्षणात विरतो म्हणून आपल्याला घंटेसारखा गोड टणत्कार वाटतो. पण पट्टी नखाने जोरात खेचली की ॲप नेमकं त्या क्षणी गोंधळतं. अंगठ्याच्या मऊ भागाने हलकेच वाजवून, एक क्षण थांबून मग काटा बघायचा.

सूर लागले तरी एक गोष्ट उरलीच होती. आमच्या चौघी शिकलेल्या बायका सगळ्यांत मागे पडल्या होत्या. त्यांच्या डोक्यात ‘सा’च्या उजवीकडे ‘रे’ असतो, कितीतरी वर्षांच्या सवयीने. अंगठा उजवीकडे सरकला की इथे ‘ग’ लागतो, आणखी सरकला की ‘प’. काकू वैतागून म्हणाल्या, “अगं, मला स्वर ऐकू येतोय, पण हात भलतीकडेच जातोय.” उलट सहावीतली मुलगी रंग बघून भराभर वाजवायची. तिचा कागद उलटा ठेवला की मात्र ती थांबायची, तिला आपण कुठला स्वर वाजवतो आहोत हेच माहीत नव्हतं. एकीकडे कान होता, दुसरीकडे हात, आणि सगळ्यांनी एकच चाल एकत्र वाजवायची या आग्रहात दोन्ही वाया जात होतं.

तिसऱ्या रविवारी वाट निघाली ती ताशावाल्या पोराच्या बोलण्यातून. बालगीताची तिसरी फेरी चालू असताना तो म्हणाला, “ताई, आमच्याकडे सगळे एकच वाजवत नाहीत. ताशा बोलतो, ढोल उत्तर देतो. सगळ्यांनी ताशाच वाजवला तर ऐकवणार नाही.”

ताई दोन मिनिटं काही बोलली नाही. मग तिने जे सांगितलं ते तिला आधीपासून माहीत होतं, पण पार्ल्याच्या हॉलमध्ये त्याचा उपयोग होईल हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. कलिंबा ज्यावरून घडला ती झिंबाब्वेच्या शोना लोकांची म्बिरा. ह्यू ट्रेसी हे इंग्रज संगीत-अभ्यासक १९२०च्या दशकात तिथे गेले, अनेक वर्षं ध्वनिमुद्रणं केली, आणि १९५४ मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकी संगीताचं ध्वनिग्रंथालय आणि वाद्यं बनवणारी कंपनी उभी केली. आपल्या हातातला कलिंबा हे त्या कंपनीतून जगभर गेलेल्या वाद्याचं आजचं स्वस्त रूप, पाश्चात्त्य सप्तकात लावलेलं. मूळ म्बिरा त्याहून खूप मोठी गोष्ट. मालावी आणि झिंबाब्वेतली ही वाद्यं बनवण्याची आणि वाजवण्याची कला २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. आमच्या कामाची गोष्ट एवढीच की म्बिरा दोघं वाजवतात तेव्हा एकजण ‘कुशाउरा’ म्हणजे मुख्य भाग धरतो आणि दुसरा ‘कुत्सिन्हिरा’ म्हणजे त्यात गुंफणारा भाग. काही रचनांत दुसरा पहिल्याचंच वाजवतो, फक्त एक ठोका मागून. त्या दोहोंतून तिसरीच चाल ऐकू येते, जी एकट्या कुणाच्याही हातात नसते. सोबत ‘होशो’ नावाचे भोपळ्याचे खुळखुळे ठेका धरतात.

मग सगळी बैठकच बदलली. रांगा मोडून तीन गट समोरासमोर बसले. बालगीत गेलं, भूप राग आला. भूपात म आणि नि नाहीत, म्हणून दोन सप्तकांतल्या त्या चार पट्ट्यांवर काळे स्टिकर लागले, उरलेल्या तेरांतली कुठलीही चालेल. ताल केरवा, आठ मात्रांचा. पहिला गट विषम मात्रांवर सा, ग, रे, प. दुसरा गट सम मात्रांवर सां, ध, सां, रें. तिसऱ्या गटाने नुसता सा आणि प धरून ठेवायचा, तंबोऱ्यासारखा. काकू तिथे. ताईच्या हातात मंजिरी.

यात सूर कसे जमले हे नीट सांगायला हवं, कारण गटातल्या गटात चौघं एकच स्वर वाजवतच होते. आम्ही गट पाडताना माणसांची तयारी बघितलीच नाही. ज्यांचे कलिंबे एकमेकांशी जास्तीत जास्त जुळत होते ते एका गटात बसवले. त्यामुळे सहावीतली मुलगी आणि बँकेतले काका शेजारी आले, एरवी कुठल्याच शिक्षकाने तसं बसवलं नसतं. दोन गटांमध्ये एकच स्वर एकाच क्षणी पडत नव्हता, म्हणून गटागटांतला फरक कानाला लागत नव्हता. आणि कलिंब्याचा आवाज इतका बारीक की चौदा जणांत स्वतःचं वाद्य ऐकूच येत नाही, चौघांत ते ऐकू येतं.

काकांचा प्रश्न याच पद्धतीने सुटला. त्यांच्या गाण्यात कोमल निषाद होता आणि कलिंब्यावर सगळे स्वर शुद्ध. त्यांना एक पट्टी कायमची उतरवून घ्यायची होती. काकूंनी अडवलं. म्हणाल्या, “भाऊ, पट्टी कशाला ठोकता? ‘प’ला ‘सा’ माना आणि वाजवा.” पंचमापासून सुरुवात केली की त्याच पट्ट्यांवर खमाज थाट, म्हणजे खमाजचा सात स्वरांचा साचा, मिळतो, कोमल नि आपोआप. मध्यमापासून केली तर कल्याण, ऋषभापासून काफी, गंधारापासून भैरवी. मूर्च्छनांचा, म्हणजे वेगळ्या स्वराला ‘सा’ मानण्याचा, हा हिशेब परीक्षेत लिहिलेला असतो, हात लावून बघितलेला नसतो. काकांना थाटाशी घेणं नव्हतं, गाणं वाजलं यावर ते खूश.

त्या एका वाक्यातून पुढचा प्रयोग निघाला, आणि माझ्या मते या सगळ्या कार्यशाळेत धरून ठेवण्यासारखं काही असेल तर ते हेच. भूपाचे पाच स्वर तेच ठेवायचे आणि गंधाराला ‘सा’ मानायचं. मग प होतो कोमल गंधार, ध होतो मध्यम, वरचा सा होतो कोमल धैवत आणि रे कोमल निषाद. म्हणजे मालकंस राग. पहिल्या दोन गटांनी काहीही बदलायचं नाही. काकूंच्या गटाने फक्त सा-प सोडून ग-ध धरायचं, कारण मालकंसाचा तंबोरा मध्यमात लावतात आणि इथे ‘ग’चा मध्यम म्हणजे ‘ध’. केरव्याची आवर्तनं चालू होती, काकूंनी हात उचलला, तिघींनी पट्ट्या बदलल्या. बाकीच्यांचे अंगठे तसेच चालू, आणि वाजवता वाजवता त्यांना कळलं की आपण आता वेगळंच काही वाजवतो आहोत. ताशावाला पोरगा ओरडला, “मी काय बदललं?” सहावीतल्या मुलीने त्या दिवशी पहिल्यांदा कागदावरून डोळे उचलून ऐकलं.

लगोलग घोटाळाही झाला. काकूंच्या कानाला पहिल्या दिवसापासून गंधार चढा वाटत होता, आणि त्यांचं बरोबर होतं. कलिंबा समान विभागणीच्या, म्हणजे बारा सारख्या भागांच्या, सप्तकात लागलेला असतो. त्यातला शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे चौदा सेंट वर असतो, धैवत सोळा. काकूंनी आठवड्याभरात घरी बसून दोन्ही हवे तितके उतरवले. पुढच्या रविवारी भूप सुरळीत गेला, कारण त्या फक्त सा आणि प वाजवत होत्या. मालकंसाला ग-ध धरले आणि सेकंदाला तीन-चार ठोक्यांची थरथर पुन्हा सुरू. त्या हॉलमधलं सर्वांत सुरेल वाद्य त्या क्षणी सर्वांत बेसूर ठरलं.

ताई आणि काकूंची यावर चांगली अर्धा तास चर्चा झाली. सगळ्यांनीच ग आणि ध उतरवावे हा काकूंचा आग्रह. संगीताच्या दृष्टीने तो पक्का होता, तसं केलं तर मालकंसही जास्त खुलतो, मी नंतर गणित मांडून पाहिलं. पण नवख्या हातात हातोडी देऊन प्रत्येक सप्तकातल्या ग-ध पट्ट्या चौदा-सोळा सेंटांनी उतरवणं म्हणजे कोजागिरी हुकणं. ताईने नकार दिला. मला तिचं पटलं. काकू म्हणाल्या, “ठीक आहे, पण माझ्या कलिंब्याला मी परत हात लावणार नाही.” आणि गटासाठी त्यांनी नातीचा कलिंबा आणला.

ताईने कलिंब्याच्या दोन मर्यादा स्पष्ट सांगितल्या, ते बरं झालं. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, येत नाही. पेटीच्या भोकांवर बोट झाकून-उघडून आवाज हेलकावतो, त्याला लोक मींड म्हणतात, ती मींड नाही. आणि मालकंस वाजला म्हणजे मालकंसाचे स्वर वाजले, एवढंच.

कोजागिरीला अकराजण उरले होते. अंगठ्याला फोड आल्याने एकजण थांबला, एकजण ऑफिसच्या कामात अडकला. गच्चीवर मोठी फजिती झाली. वारा, खालचा रस्ता, दुधाच्या पातेल्याभोवती मुलं. एका माइकने अकरा कलिंबे पकडता येत नाहीत. पहिली पाच मिनिटं पुढच्या ओळीपलीकडे काही पोचलंच नाही. मग ताईने खुर्च्या उचलून लोकांनाच गोल करून भोवती बसवलं. भूप ऐकू आला, मालकंसाचा बदलही थोड्यांच्या ध्यानात आला. बऱ्याच जणांनी मसाला दुधाचंच कौतुक केलं.

सहाजण अजून भेटतात. पुढच्या गटासाठी ताईने बऱ्याच गोष्टी बदलल्या आहेत. कलिंबे ती स्वतः एकाच बनावटीचे आणून देते. पहिल्या रविवारी गाणं नाही, फक्त सूर लावणं आणि मधला ‘सा’ एकमेकांशी जुळवणं. हातोडी एकाच माणसाकडे. रंगीत स्टिकर दुसऱ्या रविवारी काढायचे. पावसाळ्यात वाद्य कापडात गुंडाळून पिशवीत ठेवायचं, मुंबईच्या हवेत पोलादी पट्ट्यांना गंज धरतो. आणि नावनोंदणीच्या निरोपात शेवटी एक ओळ: अंगठ्यांची नखं थोडी वाढवून या, बाकीची कापलीत तरी चालेल.